दगडाची सवत

लग्न होऊन नाशकात आले ती जुन्या वेशीतूनच. वरात नारळ फोडायला वेशीत थांबली आणि माझ्या भावाने दारावरच्या लोखंडी खिळ्यांबद्दल काहीतरी विचारलं. झालं. आमचे हे त्याला हत्तीच्या धडका समजावत दाराकडे निघाले आणि त्यांच्या उपरण्याला गाठ मारलेली मी शालूसकट मागून ओढली गेले. नारळ हातात घेऊन चुलतसासरे ताटकळत राहिले. सगळे हसले, मीही हसले.

हे प्रकरण किती जुनं आहे, ते संसाराला लागल्यावर कळलं. नोकरी कारकुनाची, पण रविवार वेशीचा. चहा झाला की कुंचा घेऊन जायचे ते थेट जेवायला परत. जेवतानाही विषय तोच. कमान मोगलाईतली, वरचा नगारखाना पेशवाईतला. पहारेकऱ्यांच्या देवड्या आतल्या अंगाला का, रस्ता दारापाशी मुद्दाम का वळवला. प्रत्येक गोष्टीचं कारण यांच्याकडे तयार. भाजी कशी झाली, हे मात्र मलाच विचारावं लागे. कमानीच्या सांध्यात पिंपळ उगवला तर यांचा जीव कासावीस, मी तापाने फणफणले तेव्हा, "गोळी घेतलीस ना?" एवढंच. सवत दगडाची असली तरी सवतच. मी जळायचे आणि ते लपवायचेही नाही.

मला एकदा नगारखान्यात न्या, म्हणून कितीदा मागे लागले. जिना अरुंद आहे, साडी अडकेल, म्हणायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी स्थापत्य शिकणारी एक मुलगी वेशीची मापं घ्यायला आली. तिला यांनी पहिल्याच रविवारी वर नेलं. माझं डोकंच फिरलं. मळलेली कणीक तशीच टाकली, निऱ्या वर खोचल्या आणि गेले मागोमाग. साडी कुठेही अडकली नाही.

ती मुलगी फीत धरून झरोका मोजत होती. मला बघून हे गडबडले. मी झरोक्याशी गेले. गोदावरी दिसत होती, देवळांचे कळस, भाजीबाजार, सगळं गाव. मी आमचं घर शोधायला लागले. वेशीला खेटूनच तर आहे, पण मध्ये बुरूज येत होता. दुसऱ्या झरोक्यातून पाहिलं, मग तिसऱ्यातून.

"आपलं घर इथून दिसत नाही?"

"कुठूनच नाही," हे म्हणाले, आणि त्याचं कारण काही सांगितलं नाही.