आबांकडे पाठ

लढाईवरून नवरा परत आला तो बाजेवरच. कंबरेखालचं अंग मेलेलं. आमचं गाव पलूसजवळ. सांगलीहून डॉक्टर आणवला. पडून पडून माकडहाडावर झालेली जखम बघून त्यानं मलाच झापलं. "पू हाडात उतरला तर माणूस हाती लागायचा नाही, बाई. उकळलेल्या मिठाच्या पाण्यानं धुवा, सल्फाची पूड टाका, आणि दर दोन तासांनी कूस बदला. उताणं अजिबात ठेवू नका."

धुणं सोपं. कूस बदलणं हेच माझं मरण! एक कूस दाराकडे, दुसरी भिंतीकडे. भिंतीकडे वळवलं की नेमके मामंजी, ह्यांचे आबा, येऊन दारात तंबाखू मळत बसायचे. चाहूल लागली की हे बाजेचा काठ धरून, धापा टाकत, परत उताणे.

"आवं, काय चालवलंय तुमी?"

"आबांकडं ढुंगण करून पडू व्हय मी?"

कपाळ माझं! मामंजी तासन्‌तास बसत. मी नुसती आत-बाहेर करायची, ऊन कुठवर आलं ते बघायची. सासऱ्यासमोर नवऱ्याच्या अंगाला हात लावून वळवायची चोरी, आणि तोंड तर तोवर उघडलंच नव्हतं. जखमेत बोट जाईल एवढा खड्डा पडला. घरात असला वास की चुलीवरची फोडणी कळेना. मग हुडहुडी भरून ताप चढला आणि माझा धीर सुटला.

"आवं मामंजी, तुमी आलात की हे उताणं हुत्यात. लेक जगायला पायजे तर हिकडं येऊ नगा."

ते उठून गेले.

ह्यांचा मात्र कशात जीव लागेना. "आबा का येत न्हाईत? किळस आली व्हय माझी?" दिवसभर तेच.

तिसऱ्या दिवशी ह्यांना भिंतीकडे वळवून जखमेवरचं फडकं सोडलं, तर मामंजी वहाणा हातात घेऊन आत आले. मला गप्प राहायची खूण करून ह्यांच्या पाठीमागे बसले. जखम त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मग रोज तसेच येत. खोकला आला तर उपरणं तोंडात कोंबत. हे भिंतीकडे बघून बापाच्या नावानं बडबडत, आणि बाप मागे बसून ऐकत असे. मला भडभडून यायचं, पण सांगितलं तर हे परत उताणे होणार.

ताप उतरला. पू आटत गेला. एक दिवस मी पूड टाकत होते, तर हे भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "आबा, तंबाखूचा वास येतोय. कवापास्नं बसलाय?"

ह्यांचा हात बाजेच्या काठावर गेला. आता वळणार म्हणून मी पुढे झाले.

ह्यांनी काठ सोडला.

"बसा," म्हणाले. "मी हाय असाच."