उठतानाचा आकडा, चालतानाचा आकडा

१९४६ सालचा मार्च महिना, सोमवार, सकाळचे साडेआठ. नगरला सायमनरावांच्या कारखान्याच्या दारात उभा राहून मी आत जावे की माघारी फिरावे याचा विचार करीत होतो. शाळा सहावीतच सुटलेली, हाताला कसब नाही. जमेची बाजू एवढीच, की अक्षर बरे. सायमनरावांनी आत बोलावले, हाती रंगाचा डबा दिला आणि म्हणाले, "या ड्रिलवर दोन आकडे घाला. वर उठतानाचा, खाली चालतानाचा." माझ्यासारख्या उमेदवारालाही ते अहोजाहो करीत होते. आकड्यांचा अर्थ मात्र मला त्या दिवशी कळला नाही.

यंदा सायमनरावांनी साठी गाठली. या गौरव अंकात जाणती मंडळी त्यांच्याविषयी लिहितील. मी कामगार, डोळ्यांना दिसले तेवढे लिहितो.

लढाई संपल्यावर लष्करी लिलावात त्यांनी पंधराशे वॅटचा एक जनरेटर घेतला. बांबूला बांधून चौघांनी न्यावा असा. जिथे वीज नाही तिथे तो घेऊन आम्ही कामाला जात असू. असेच एकदा पारनेरकडच्या एका गावी गेलो. तिथल्या तलावाच्या मोरीची लोखंडी झडप गंजून फुटली होती आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी रात्रंदिवस वाहून चालले होते. गावाला आणि गुरांना प्यायला तेवढेच पाणी. जुन्या बोल्टांना जुळवून नव्या पत्र्याला भोके पाडायची आणि कडा घासून बसवायच्या, म्हणून सगळे काम बांधावरच करावे लागणार होते.

ड्रिल सुरू झाला. कडा घासायचा ग्राइंडर बाजूला ठेवलेला पाहून गावच्या पाटलांना राहवेना.

"मिस्त्री, दोन्ही यंत्रं एकदम चालवा की! हितं पानी चाललंय आन् तुमी एकाला निजवून ठिवलंय."

मलाही ते पटले. मी म्हणालो, "मिस्त्री, ड्रिल सहाशे, ग्राइंडर सातशे. बेरीज तेराशेच होते."

"ती चालतानाची झाली. उठतानाची करा," सायमनराव म्हणाले.

मीच रंगवलेला ग्राइंडरवरचा वरचा आकडा वाचला. चौदाशे. चालत्या ड्रिलचे सहाशे मिळवले, दोन हजार झाले. जनरेटर पंधराशेचा.

"म्हंजी वो?" पाटलांनी विचारले.

"भरलेली गाडी जागची हलवायला चाकाला खांदा लावावा लागतो ना, पाटील? एकदा हलली की मग बैल नेतात," सायमनरावांनी सांगितले.

"व्हय. पर माजे बैल जळत न्हाईत!"

सगळे हसले. सायमनरावही हसले. मग म्हणाले, "हा जनरेटर जळतो. दुसरा कुठून आणू? उरलेली भोकं हातानं पाडेपर्यंत तलावात काय राहील?"

एवढे बोलून त्यांनी कानस घेतली आणि भर उन्हात मांडी घालून पत्र्याची कड हाताने घासायला बसले. ड्रिल थांबला की ग्राइंडर, ग्राइंडर थांबला की ड्रिल. कानस मात्र थांबलीच नाही. जनरेटरच्या तारेवर त्यांनी एक दिवा टांगला होता. यंत्र उठताना तो मंदावे. प्रत्येक वेळी सायमनराव मान वर करीत, दिवा पुन्हा उजळेपर्यंत बघत आणि मगच कानस चालवीत. एकदाही त्यांनी बघायचे टाळले नाही. थोड्या वेळाने पाटील समोर येऊन बसले. "द्या हिकडं एक कानस. बगतोय काय नुस्ता!"

दिवस मावळायच्या आत झडप बसली. मोरीतली धार सुतासारखी झाली, मग थेंब, मग तेही नाहीत. पाटलांनी मोरीच्या तोंडाशी तळहात धरला, बराच वेळ धरला आणि तो कोरडा हात सायमनरावांपुढे केला.

परत आल्यावर कारखान्यात सगळ्यांदेखत सायमनराव म्हणाले, "यांनी बेरीज मांडली म्हणून पाटलांना पटलं." माझी बेरीज तेराशेची होती, ते मला ठाऊक आहे. मी तेव्हा मान वर करू शकलो नाही.

साठीच्या या सोहळ्यात आम्ही कामगार त्यांना नवा ग्राइंडर भेट देत आहोत. हाती घेताच ते पहिला प्रश्न कोणता विचारतील हे आम्ही जाणतो. म्हणून आधीच विजेचा प्रवाह मोजणारा अ‍ॅमीटर लावून ग्राइंडर दहादा सुरू केला, काटा कुठवर उडी घेतो ते पाहिले आणि दोन्ही आकडे मी रंगवून ठेवले आहेत. सायमनरावांनी ते तपासावेत, चूक निघाली तर मला पुसायला लावावे आणि असे तपासत राहायला देवाने त्यांना निरोगी शरीर, स्वच्छ नजर आणि भरपूर वर्षे द्यावीत.