चोराची दुसरी चप्पल

पेडण्यापासून डिचोलीपर्यंत जेवढी माणसं रोज सकाळी निमूटपणे औषधाची गोळी गिळतात, त्यांतल्या निम्म्यांना ती डॉक्टरांनी लिहून दिली असेल, पण गिळायला लावली ती माझ्या भावोजींनी. हे मी मेहुणी म्हणून सांगत नाही. मेहुणी म्हणून सांगायचं तर त्यांच्या चहाच्या घोटाचा आवाज शेजारच्या वाड्यावर जात असे आणि उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःचा चष्मा स्वतः कधी शोधला नाही. जेवायला बसले की भात वाढून होईपर्यंत बोलायचे आणि मग आमटी गार झाली म्हणून माझ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, दुखावल्यासारखे बघायचे. पण खरं ते खरं. ह्या माणसाने तोंड उघडलं की समोरच्याला आपला आजार स्वतःच्या परसातल्या फणसासारखा स्वच्छ दिसायला लागायचा.

गोवा राज्य झालं त्या सुमारास ते आरोग्य केंद्रात कामाला लागले. घरोघर फिरायचं, ताप आलेल्याचं बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, विहिरीत औषध टाकायचं, असं काम. कुणाच्याही घरात शिरले की पिशवी उघडण्याआधी त्यांची नजर जायची खुंटीकडे. खुंटीवर जाळं असेल तर बोलणं माशांचं, कोयता असेल तर काजूच्या बागायतीचं, टिपरची किल्ली असेल तर इंजिनाचं. "बाये, माणसाक नवीन कायएक सांगूचा नसता," ते मला म्हणायचे, "त्याच्या खुंटीवरचा काढायचा आणि त्याच्याच हातात द्यायचा." मी साखळी गावच्या शाळेत आयुष्यभर मुलांकडून उपमा अलंकार घोकून घेतला, पण त्याने कुणाचा साधा पडसंखोकला बरा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या लेकीने त्यांना मोठा फोन घेऊन दिला आणि पुढे तालुक्याला विश्रांती मिळाली नाही. भावोजींनी एक गट काढला. नाव ठेवलं 'बरे आसात मरे?' आधी त्यांच्या वाड्यावरची माणसं, मग सोयरेधायरे, मग सोयऱ्यांचे सोयरे, असे करत पेडणं ओलांडून गट आमच्या साखळीपर्यंत आला. सरकारी संदेश त्यांच्याकडे यायचेच. ते वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एकदा आला, 'उच्च रक्तदाब हा मूक मारेकरी आहे.' भावोजी म्हणाले, "आमच्या वाड्यार मारेकरी कोणी बघलोहा? न बघलेल्याक कोण भिता?" डेंगीच्या दिवसांत 'डासांची उत्पत्तिस्थाने नष्ट करा' असं आलं. कुणी काही नष्ट केलं नाही. मग भावोजींनी लिहिलं, 'पाट मांडलेला दिसला की न बोलावलेला पाहुणाही बसतो. परसात पडलेली करवंटी म्हणजे डासाला मांडलेला पाट.' दुसऱ्या दिवशी वाड्यावर एक करवंटी उताणी सापडली असती तर शपथ! कुणीतरी भक्तिभावाने देवळातली तीर्थाची पंचपात्रीसुद्धा पालथी घालून आलं, आणि भटजी महिनाभर भावोजींशी बोलत नव्हते.

त्यांच्या बोलण्याचं एक होतं. ते लोकांच्या मनात शिरायचं आणि तिथून आपल्या पायांनी चालायला लागायचं. दोडामार्गाकडून येऊन डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवणारा एक गडी होता, पोट हे एवढं. भावोजींनी त्याला सांगितलं, भरमसाट माल घातलेला टिपर चढावाला कसा कण्हतो, तसं तुझं काळीज कण्हतंय. गड्याने त्या दिवसापासून भात निम्म्यावर आणला, दारू सोडली, बायकोने भावोजींना नारळ पाठवले. सगळं छान. सहा महिन्यांनी हा आरोग्य केंद्रात जाऊन बसला आणि म्हणाला, माझं रक्त बदला. डॉक्टरीण बाई चक्रावल्या. हा म्हणतो, "इतको पळल्यार टिपराचा ऑइल बदलतंत, आणि माझा नाय?" शेवटी भावोजींना बोलावून घ्यावं लागलं. त्यांनी त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं देव जाणे, पण गडी हसत घरी गेला.

आणि लशीच्या वेळची गोष्ट तर आमच्याकडे अजून निघते. माणसं घाबरली होती, फोनवर वाट्टेल ते फिरत होतं, केंद्रातल्या खुर्च्या रिकाम्या. भावोजींनी आपल्या घोगऱ्या आवाजात एक संदेश बोलून पाठवला. म्हणाले, लस म्हणजे घरच्या कुत्र्याला चोराची चप्पल हुंगायला देणं. चप्पल चावत नाही, पण उद्या चोर आला की कुत्रा झोपून राहत नाही. झालं, दोन दिवसांत रांग लागली. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मगे दुसरी सुई कित्याक?" भावोजी तिथेच उभे होते. म्हणाले, "चोर एका पायान चलता काय रे? ही त्याची दुसरी चप्पल." म्हातारा पटकन बाही वर करून बसला. पुढे तिसरी सुई आली तेव्हा तोच म्हातारा भावोजींना शोधत घरी आला. भावोजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "चोरान चपला बदलल्यानी." मी तिथेच होते. हसून हसून माझ्या हातातला चहा सांडला.

आता ह्या एवढ्या माणसाचं घरात कुणी ऐकत नसे, हे सांगायला नकोच. आक्काला तपासणी शिबिरात रक्तदाब निघाला. थोडाथोडका नाही, नर्सने यंत्र बिघडलं समजून दुसरं आणलं इतका. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आक्काने ती देवघराच्या फळीवर ठेवून दिली आणि पेजेबरोबर मिठातली तोरं खायला बसली. तोरं म्हणजे खारवलेल्या कैऱ्या, त्यांच्यावाचून तिला पेज जात नसे. म्हणे, एकदा गोळी सुरू केली की ती जन्माची पाठीस लागते. आमची आई अशीच गेली होती. सकाळी चूल पेटवताना पडली ती उठली नाही. म्हणून मला धडकी भरली होती आणि भावोजींना माझ्या दुप्पट.

त्यांनी सगळी अस्त्रं काढली. आमचे वडील खाडीकाठच्या खाजनातली मानस सांभाळायचे. मानस म्हणजे बांधाला बसवलेलं लाकडी दार, भरतीचं खारं पाणी आलं की ते मिटतं आणि आतलं शेत वाचतं. भावोजींनी गटावर लिहिलं, 'रक्तदाब म्हणजे भरती आणि गोळी म्हणजे मानस.' त्या एका संदेशाने चाळीसेक माणसांनी गोळ्या सुरू केल्या. माझीही तेव्हाच सुरू झाली. आक्का म्हणाली, "माका मानशीचा सांगतास? माझो बापूस मानस सांभाळी. दार एकदा बसयला की वर्सांची वर्सां बघूक नको. तुमची गोळी रोज कित्याक?" भावोजी म्हणाले, भरती रोज येते म्हणून. आक्का म्हणाली, "भरती दिसाक दोनदा येता. तुमी एकच गोळी देतास. आधी तुमची गजाल सारकी करून येवा!" भावोजी खरंच उठले आणि अख्खी दुपार खाजनाच्या बांधावर बसून मानशीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी कुकर घेऊन आले. आत वाफ कोंडली की काय होतं, वगैरे. आक्का म्हणाली, "माझो कुकर शिटी मारता. मी खंय मारतंय?"

तेव्हा मला एक गोष्ट उशिरा कळली. मी म्हटलं, भावोजी, तुम्ही तालुका गुंडाळता आणि ही बाई तुमच्याकडून का गुंडाळली जात नाही? ते ओशाळून हसले. म्हणाले, "करवंटीचो पाट तिचोच गो. चोराची चप्पल पण तिचीच." म्हणजे एवढी वर्षं हा गृहस्थ संध्याकाळी घरी येऊन आपलं बोलणं आधी तिला ऐकवत होता. ती भाजी चिरता चिरता म्हणायची, हे नको, असं सांगा. जिने स्वतः वाटप वाटलंय तिला त्यात काय काय पडलंय ते वेगळं कोण सांगणार? पण मला हसू येईना. फळीवरच्या गोळ्यांवर धूळ बसत होती.

मग ती दुपार आली. जेवणं उरकून मी साखळीच्या आमच्या घरी हात पुसत होते आणि फोनवर भावोजींचा संदेश आला, बोललेला, चार मिनिटांचा. नेहमीसारखाच सुरू झाला. 'मंडळी, मागे मी मानशीचं सांगितलं, त्यात थोडी सुधारणा. दिवसाच्या दोन भरत्या म्हणजे...' आणि तेवढ्यात मागे भांडं पडल्याचा मोठा आवाज. मग चपलांची सरपट. मग भावोजींचा आवाज, पण ओळखू येईना असा. "काय जाला गो? हात उचल. उचल मगे हात. माझ्याकडे बघ." आक्का काहीतरी म्हणाली, जड जिभेने. कायएक जाला नाय, असं म्हणत असावी. हात पुसायचे तसेच राहिले, मी फोन कानाशी नेला.

"तू गप," भावोजी म्हणत होते. "मी आता मानशीचा सांगणंय नाय, कुकराचा सांगणंय नाय. माका काय सुचणा नाय. माका भंय दिसता गो. तू गेलंस तर मी कोणाक सांगू? लोकांक मी मागीर सांगतंय, आधी तुका सांगतंय. तुका नको तर नको, माझ्यासाठी घे ती गोळी. माझ्यासाठी घे." मग रडण्याचा आवाज. आक्काचा नव्हता. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं, आणि लेकीला फोन लावायच्या गडबडीत त्यांच्या बोटाने ते गटावर सोडून दिलं होतं.

साखळीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे, दोन बस बदलून मी पोचले तेव्हा आक्का इस्पितळातल्या खाटेवर बसली होती. हात पुन्हा हलत होता, जीभ तर पूर्ववत चालत होती. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पुढच्या खेपेला निभावेलच असं नाही. मला बघताच आक्का म्हणाली, "ह्या माणसान माझी सगळ्या तालुक्यात अब्रू घालयली." म्हणाली आणि नर्सने पुढे केलेली गोळी पाण्याबरोबर घेतली. भावोजी खाटेच्या पायथ्याशी चष्म्यावाचून बसले होते. ते सगळं गटावर गेल्याचा त्यांना तोपर्यंत पत्ताच नव्हता. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "पुसून टाकूक येता मगे ता?" त्यांनी विचारलं. येत होतं. मी म्हटलं, नाही येत.

एरवी त्यांच्या संदेशाखाली हात जोडलेली चित्रं आणि गुलाबाची फुलं पडायची. त्या दिवशी कुणी फूल टाकलं नाही. दुसऱ्या सकाळी मात्र आरोग्य केंद्राबाहेर रक्तदाब तपासायला माणसं उभी होती, आणि त्यांत तो टिपरवाला बायकोचा हात धरून उभा होता. भावोजींना ह्याचं जरा वाईटच वाटलं. म्हणाले, इतकी वर्षं मेहनत घेऊन एकेक गोष्ट जुळवली, आणि लोकांनी ऐकलं काय, तर रडणं! पण नंतर रोज सकाळी पोदेराच्या सायकलीचं पोंपों वाजलं, पाव घेऊन झाले, की ते तांब्या घेऊन आक्कासमोर उभे राहायचे. तिने गिळेपर्यंत हलायचे नाहीत. गटावर त्यांच्या गोष्टी चालूच राहिल्या, आणि तोरांची बरणी आमच्याकडे साखळीला आली ती कायमची.

भावोजी जाऊन आता दुसरं वर्ष. आक्काला जपता जपता स्वतः गेले. दुपारी सोप्यावर बसल्या बसल्या डोळा लागला, तो लागलाच. तेव्हाही चष्मा कपाळावर होता. गट मात्र कुणी सोडला नाही. कुणी काही लिहीतही नव्हतं. मीही कितीदा उघडून ती चार मिनिटं ऐकायला गेले आणि ऐकली नाहीत. हसत काय होते मी त्या माणसाला, आणि आता कुणी तसं बोलणारं राहिलं नाही म्हणून जीव नुसता कासावीस होतो.

गेल्या महिन्यात एका सकाळी फोन वाजला आणि पडद्यावर भावोजींचं नाव आलं. 'बरे आसात मरे?' वर त्यांच्या नंबरावरून दोन शब्द होते. 'गोळी घेतली?' फोनला हात न लावणाऱ्या आमच्या आक्काने लेकीकडून शिकून घेऊन ते लिहिलं होतं. उपमा नाही, दृष्टान्त नाही, काही नाही. मिनिटाभरात खाली एकेक उत्तर यायला लागलं. घेतली. घेतली. टिपरवाल्याने लिहिलं, घेतलंय आक्कानू. लशीवाल्या म्हाताऱ्याने कुणाकडून तरी लिहून घेतलं. माझी गोळी दोन दिवस डबीतच पडून होती. मी 'घेतली' असं लिहून पाठवलं, आणि मग उठून घेतली.