ढोकेजींनी दारात सांगितलेला पत्ता

निहार, सई,

ढोकेजी आमच्याकडे आले की आधी संगणकाचा माउस काढायचे. वायर नीट गुंडाळायची, तिला रबरबँड लावायचं आणि तो फ्रिजवर ठेवून द्यायचा. मगच "जय भीम, मॅडम" म्हणायचे. पहिल्यांदा मला रागच आला होता. माझ्या घरातली वस्तू न विचारता उचलायची म्हणजे काय!

"हे असलं की हात हिंडते, न डोये त्याच्यामांगं पयतात," ते म्हणाले. "तुमचे डोये आता पयाच्या कामाचे नाही राह्यले."

खरंच होतं ते. डॉक्टरांनी तेच दुप्पट वेळ घेऊन सांगितलं होतं.

तुम्ही ढोकेजींना पाहिलेलं नाही. आमच्या वणीच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की त्यांचं दार. राजूरच्या कोळशाच्या खाणीच्या कार्यालयात त्यांची सगळी नोकरी संगणकापुढे गेली, तीही जुन्या पद्धतीच्या, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटणाऱ्या. उंच, पाठीत वाकलेले, खिशाला दोन पेनं, आणि लिहिताना मात्र माझंच मागायचे. मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे त्यांच्या वहीतली स्पेलिंगं दिसली की माझा हात शिवशिवायचा. "चूक मंग काढा, मॅडम," ते वही ओढून घेत म्हणायचे, "आधी चालते का नाही थे पाहा."

तुमच्या आजोबांचा लॅपटॉप तेव्हा इतका मंदावला होता की दुकानदाराने तो भंगारात द्यायला सांगितलं. ढोकेजींनी तो आपल्या घरी नेला आणि चार दिवसांनी परत आणला. त्यावर युनिक्सच्या घराण्यातली एक हलकी प्रणाली घातलेली. चालू केला तर समोर नुसता राखाडी पडदा. एक चित्र नाही, एक बटण नाही.

"अहो, हे तर घर रिकामं केलंत तुम्ही!"

"रिकामं नाही जी. झाडलेलं हाय."

त्या झाडलेल्या घरात त्यांनी माझ्यासाठी तीन स्क्रिप्ट लिहून ठेवल्या. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकाखाली एक लिहून दिलेल्या कामांची चिठ्ठी. तुम्ही मोठे झालात, तुम्हाला हे माहीत असेल, पण मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून लिहिते. एकीचं नाव 'पत्र'. ती कोरा कागद उघडायची, अक्षर बोटाएवढं मोठं, वर तारीख आपोआप. दुसरी 'वाच', लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारी. तिसरी 'पाठव'. तिच्यात तुम्हा दोघांचे पत्ते होते. कळफलकावरच्या दोन कळा एकदम दाबल्या की पडद्याच्या वरच्या कडेला एक अरुंद पट्टी यायची, तिच्यात इंग्रजी अक्षरांत नाव टाइप करायचं, झालं.

निदान मला तसं सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात दर रविवारी चहाच्या वेळी ढोकेजी यायचे, माउस फ्रिजवर जायचा, मग तेच खुर्चीत बसून आपल्या सवयीची काळी खिडकी उघडायचे आणि भराभर काहीतरी टाइप करायचे. कागद उघडला की उठून मला जागा द्यायचे, आणि लिहून झालं की पाठवायचेही तेच. तुम्हाला मिळालेली ती सगळी पत्रं अशी गेली. आजी या वयात संगणक शिकली म्हणून तुम्ही कौतुक केलंत. मी ते ठेवून घेतलं.

मग ढोकेजींच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. डायलिसिससाठी नागपूरच्या खेपा सुरू झाल्या. जाताना म्हणाले, "आता तुमचं तुमाले येते. पट्टी आना न नाव लिवा."

त्या रविवारी मी पट्टी आणली. नाव लिहिलं. पट्टी गेली आणि राखाडी पडदा तसाच. पुन्हा केलं. स्पेलिंग तपासलं, तेवढं तरी मला येतं. सात-आठ वेळा झाल्यावर झाकण लावून टाकलं. रात्री सईचा फोन आला, आजी पत्र का नाही, तेव्हा मी डोळे दुखतात म्हणाले. सई, ते खोटं होतं. डोळे नेहमीइतकेच होते. मला शरम वाटली होती.

मंगळवारी ढोकेजी परतले. त्यांच्या पत्नीला, वहिनींना, मी घडलेलं सांगितलं होतं; तिथून त्यांना कळलं. दुपारी भिंतीला धरत आले, दंडावर सुईच्या जागी बँडेज, मागून वहिनी.

"डाक्टरनं झोपाले सांगतलं, न हे निंघाले कम्प्युटर पाहाले! मॅडम, तुमीच सांगा यायले."

"बस न थोडीशी. आलोच आहो तं."

ते संगणकाजवळ गेलेच नाहीत. दाराशेजारच्या खुर्चीत बसले, हात मांडीवर. "तुमी बसा तिथं. न काय केलं थे पुन्हा करा."

मी केलं. पडदा राखाडी. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

"माही चूक हाय," ते म्हणाले. "चिठ्ठ्या ठेवल्या त्या कप्प्याचा पत्ता मी फक्त काळ्या खिडकीले सांगतला. मी तिथूनच चालवो, तं मले काहून दिसन? पट्टी बाहेर अंगणात बसली हाय. तिले कोनंच नाही सांगतलं."

"मग आता?"

"दारात सांगा लागते. आत शिरता शिरताच. म्हंजे अंगणाले बी मालूम, खोलीले बी मालूम."

मी म्हटलं, तुम्हीच करा ना, दोन मिनिटांचं काम.

"माह्यासाठी दोन मिनिटाचं हाय, म्हनूनच तं फसलो. लिवा."

ते सांगत गेले, मी एका बोटाने टाइप करत गेले. घरात शिरताना संगणक जी फाइल वाचतो ती उघडायची होती. तिच्या नावाच्या आधीच पूर्णविराम! मी थबकले. "असूं द्या, मॅडम, त्याच्यानं थे लपून राह्यते," ते म्हणाले. मग कप्प्याच्या पत्त्याची एक लांब ओळ. मी दोनदा चुकले, एकदा सगळी पुसून बसले. त्यांना धाप लागली होती, वहिनींनी पाणी दिलं, मी म्हटलं उद्या करू. त्यांनी पुढचं अक्षर सांगितलं. 'पाठव'ला तर चालायची परवानगीच दिलेली नव्हती; ते स्वतः ती काळ्या खिडकीतून दुसऱ्या वाटेने चालवायचे, म्हणून कधी अडलं नव्हतं. नुसतं लिहून भागत नाही, परवानगीही द्यावी लागते. तीही माझ्याच बोटाने दिली.

"आता बाहेर निंघा न पुन्हा आत या. नवा पत्ता दारातूनच समजते."

संगणकातून बाहेर पडले, पुन्हा परवलीचा शब्द टाकून आत आले. पट्टी, नाव. कागद उघडला. तुम्हाला त्या मंगळवारी आलेलं दोन ओळींचं अवेळचं पत्र आठवतं? ते हेच.

वहिनी म्हणाल्या, "झालं? चला आता."

उठताना ते खुर्चीच्या हाताला धरून जरा थांबले. "मले बोलवा लागलं, म्हंजे काम अधुरं होतं. आता नाही बोलवा लागनार."

मी म्हटलं, चहाला तरी याल की नाही. हसले. फ्रिजवरचा माउस हाताने चाचपून पाहिला आणि गेले.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. नागपूरच्याच एका खेपेत गेले. लोक आले, बुद्धवंदना झाली, वहिनींचा भाऊ त्यांना काही दिवसांसाठी घेऊन गेला. समोरच्या दाराला कुलूप लागलं. मी दोन रविवार लॅपटॉप उघडला नाही. सई, तेव्हाही मी डोळ्यांचंच सांगितलं.

आज उघडला. चहा दोन कप टाकला गेला, एक तसाच निवला. मी पट्टी आणली, नाव लिहिलं आणि खरं सांगते, बोट कळेवर ठेवून बराच वेळ बसले. काहीतरी अडावं असं वाटत होतं. अडलं तर समोरच्या दाराकडे बघायला निमित्त झालं असतं.

कागद उघडला. वर आजची तारीख होती. काहीसुद्धा अडलं नाही.