तीन खोल्यांची एकच गोजरा

संघप्रियाचं डोकं आठ दिवस फिरलेलं होतं. दिघ्यात वाढलेली, आता कोपरखैरण्यात राहणारी ही बाई महाप्याच्या एका छोट्या कंपनीत सोळा वर्षं सी भाषेत प्रोग्राम लिहीत होती. ऑफिसातली नवी पोरं ‘अजून सीच का मॅडम?’ म्हणून चिडवायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि आता नेमकं तिचंच काम अडलं होतं.

काम तसं साधं. दिवाळे गावात हरेश कोळ्याच्या मासे ठेवायच्या तीन थंड खोल्या. प्रत्येकीत एक डबी. खोली तापली किंवा दार उघडलं की डबीने निरोप धाडायचा आणि सर्व्हरवरच्या निरोप्या प्रोग्रामने तो हरेशच्या फोनवर पोचवायचा. त्या निरोप्याशी बोलायला सीची तयार लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, होती. ऑफिसात एका डबीवर सगळं झकास चाललं. दिवाळ्यात तीन लावल्या आणि निरोप गळायला लागले. डब्यांची निरोप्याशी जोडणी लागे, तुटे, पुन्हा लागे. लायब्ररीला विचारावं तर उत्तर शून्य, म्हणजे सगळं ठीक! निरोप न पोचवता नुसता रांगेत ठेवला तरी लायब्ररीचं ठीकच. असल्या माणसाला कुणी दारात उभं करणार नाही.

‘रेंज नसेल, सिम बदल,’ साहेब दिपेश म्हणाले. सिम तीनदा बदललं. खोली तापून कुणाला कळलं नाही तर कोळणींचे मासे सडणार, या धास्तीने तिला जेवण जाईना.

नवव्या दिवशी ती स्वतःच दिवाळ्यात गेली. डब्यांची सेटिंग एकेक करून उघडली. तिन्हींचं नाव गोजरा!

‘हरेशशेठ, तिन्हींना एकच नाव?’

‘माजे आयचा नाव हाय. चारी होड्यांना पन तेच हाय. तुमीच लिवलंय ना, नाव टाका?’

तिनेच लिहिलं होतं. टाकलेलं नाव तिचा प्रोग्राम जसंच्या तसं निरोप्याला ओळख म्हणून देत होता. निरोप्या एका नावाच्या एकालाच आत ठेवतो, दुसरा आला की पहिल्याला हाकलतो. आठ दिवस तीन गोजरा एकमेकींना बाहेर ढकलत होत्या. हरेशवर ओरडायला उघडलेलं तोंड तिने मिटलं. इतका राग तिला स्वतःचा कधी आला नव्हता.

दिसायला गोजराच ठेवून तिने ओळखीसाठी प्रत्येक डबीवर छापलेला वेगळा नंबर लावला आणि कुठला नंबर कुठल्या खोलीचा तेही भरलं. तासाभरात तिन्ही जोडण्या लागल्या त्या तुटेनात. तेवढ्यात हरेशचा फोन वाजला: ‘गोजरा, खोली दोन, दार उघडं.’ दोघं धावत गेली.

आत मासे विकणारी भागीरथी बर्फात कोपरापर्यंत हात घालून उभी होती.

‘मावशी, आता हात घालायला नको. मशीन सांगतं.’

‘परवा का नाय सांगलं? बर्फाचा पानी झाला व्हता. दर दोन तासांनी येतंय मी, म्हनून मावरा वाचला.’ तिने हात बाहेर काढले. बोटं लाल होऊन सुजली होती.

‘चुकलं माझं, मावशी.’

‘चुकलाच,’ भागीरथी म्हणाली, आणि दोन तासांनी परत येते असं हरेशला सांगून निघून गेली.