काजळाचा टिळा आणि एक दाखला

मेंदीचा वास आला की मला अजून ठाण्याच्या आवारात, जप्त मोटारसायकलींच्या रांगेत बांधलेली ती घोडी आठवते. माझ्या नोकरीत मुद्देमाल म्हणून चाकू आले, भांडी आली, एकदा पिठाची गिरणी आली. पण लावलेली चिठ्ठी खाऊन टाकणारा मुद्देमाल तो एकच.

मी तेव्हा अचलपूरच्या बाजूला एका ठाण्याची प्रभारी होते. एका सकाळी शेतकरी नवरा-बायको फिर्याद द्यायला आले. त्यांची शर्यतीची पांढरी घोडी गोठ्यातून चोरीला गेली होती. पातूरकडच्या एका गावात घोड्यांची शर्यत आठ दिवसांवर आली होती आणि नाव नोंदवून झालं होतं.

"वर्णन सांगा," मी म्हटलं.

"पांढरीशुभ्र. चाल पाण्यासारखी. अंगावर एकबी दोषाचा भोवरा नाई," नवरा म्हणाला.

"अन् सभाव गरीब," बायकोने भर घातली. "हे सकाळी उठले की आधी तिले डाव्या डोळ्याखाली काजळ लावतेत, नजर लागू नये म्हणून. चार वर्षांत एक खाडा नाई. माह्या तब्येतीची कधी इतकी चौकशी नाई केली."

ठाणे अंमलदाराने सगळं लिहून घेतलं. माझ्या अनुभवाप्रमाणे इतकं सुंदर वर्णन तपासाला काही उपयोगाचं नसतं.

तीन दिवस हाती काही लागलं नाही. चौथ्या दिवशी माझ्या एका जुन्या खबऱ्याचा अकोल्याहून फोन आला. हा लग्नाच्या बॅन्डमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा.

"मॅडम, काल आमचा नवरदेव गेला."

"गेला म्हणजे?"

"निघून गेला ना. घोडीवर. वरातीत सुतळी बॉम्ब फुटला अन् घोडी जे सुटली, थेट बसस्टँडवर. नवरदेव मानेले मिठी मारून. आमी मांगं वाजवतच राहिलो."

लग्नाची घोडी बॉम्बला भीत नाही. तिचं आयुष्यच त्यात जातं. आमच्या भागातल्या शर्यती मात्र सुतळी बॉम्बवर सुटतात. मी त्याच दिवशी दोन शिपाई घेऊन अकोल्याला गेले आणि तिथल्या ठाण्याला कळवून घोडी आणि घोडीवाला, दोघांनाही घेऊन आले.

ओळख पटवायला फिर्यादी नवरा-बायकोलाही आवारात बोलावलं. घोडी पायापासून कानापर्यंत मेंदीने तपकिरी झाली होती. घोडीवाला मात्र जराही घाबरलेला नव्हता.

"लग्नाची घोडी आहे मॅडम, मेंदी लागणारच. खालून पांढरीच आहे. जगात पांढरी घोडी काय एकच आहे?" मग त्याने घोडीचं तोंड धरलं आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं. "हे पाहा. आसूढाळ. यांच्या फिर्यादीत लिवलं आहे काय हे? वाचून पाहा."

डोळ्याखालच्या केसांच्या भोवऱ्याला घोडेवाले आसूढाळ म्हणतात. असं घोडं मालकाला रडवतं, अशी समजूत आहे, आणि जाणता माणूस ते घरात आणत नाही. मी सगळ्यांना आत नेऊन फिर्याद पुन्हा वाचली. एकबी दोषाचा भोवरा नाई.

"मंग ही आमची नाई," बायको ठामपणे म्हणाली. "तसलं जनावर रडवते मालकाले. मी दारात उभं केलं नसतं. लग्न झाल्यावर पयलीच अट होती माही."

नवरा भिंतीवरच्या नकाशाकडे बघू लागला. जिल्ह्याच्या नकाशात इतका रस घेणारा फिर्यादी मी पाहिला नव्हता. वर्णन जुळत नसेल तर घोडी घोडीवाल्याकडे परत जाणार होती, आणि ते त्यालाही समजत होतं. घाम पुसायला त्याने हात वर केला, तेव्हा मला त्याचा अंगठा दिसला. नखाच्या कडेला काळं मुरलेलं होतं.

मी सगळ्यांना पुन्हा आवारात नेलं. आधी हवालदाराला घोडीसमोर अंगठा धरायला लावला. घोडी तो चावायला निघाली. मग घोडीवाल्याला सांगितलं. तिने मान फिरवली. शेवटी नवऱ्याला पुढे केलं. त्याने अंगठा पुरता उचललाही नव्हता, तोच घोडीने मान खाली घातली, डोळे मिटले आणि डावा गाल त्याच्या अंगठ्याला लावून उभी राहिली. रोज सकाळसारखी.

"आता सांगता का?" मी विचारलं.

त्याने एकदा बायकोकडे पाहिलं. "लिवून घ्या मॅडम. आसूढाळ पयल्यापासून आहे. काजळ ते झाकायलेच होतं. घरी जे होईन ते होईन, घोडी माही आहे."

बायकोने घोडीच्या डोळ्याखाली बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "काजळ कोनतं?"

"तुह्या डबीतलं."

"चार वर्षं मी नणदेवर आळ घेऊन राहिली."

त्याचा पुरवणी जबाब मी स्वतः लिहिला. घोडीवाल्याची हुशारी तिथेच संपली. त्याची स्वतःची घोडी ऐन लग्नसराईत लंगडली होती आणि तारखा घेऊन झाल्या होत्या.

त्या दिवसापासून चोरीच्या फिर्यादीत मी पहिला प्रश्न बदलला. वस्तू कशी होती हे विचारायचं सोडून तिच्यात खोड काय होती, हे विचारू लागले. कौतुकाचे शब्द कोणत्याही घोडीला लागू पडतात. चोर रंग बदलतो, नंबर बदलतो. खोड तशीच राहते. लोक नेमकी तीच लपवतात, कारण पोलिसांपेक्षा घरच्यांची भीती जास्त असते.

शर्यतीचं सांगायचं राहिलं. कोर्टाच्या आदेशाने घोडी सुपुर्तनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, मालकाला मिळाली, ती शर्यतीच्या आदल्या दिवशी. मेंदी काही निघेना. आयोजक म्हणाले, नोंद पांढऱ्या घोडीची आहे, तपकिरी चालणार नाही. मग मी ठाण्याच्या शिक्क्यानिशी लेखी दाखला दिला: सदर तपकिरी घोडी पांढरी आहे. निवृत्त होईपर्यंत माझ्या सहीचा इतका विचित्र कागद दुसरा निघाला नाही.

बंदोबस्त माझ्याकडे नव्हता, तरी मी गेले. बायकोची एकच अट होती, आता काजळ लावायचं नाही. घोडी उघड्या गालाने पळाली आणि पहिली आली. नवरा तिच्या गळ्यात पडून सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडला.

बायको माझ्या शेजारी उभी होती. पदर खोचत म्हणाली, "पाहा मॅडम. म्हनलं होतं ना मी, रडवते म्हनून."