नकाशात न मावलेलं सासर

आधी हातातले कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि बोल मला लागला. ठेवले? मग ऐका, माझी अब्रू कशी गेली ते. गेली म्हणजे गपचूप नाही गेली. भर मांडवात, सनईच्या सुरावर गेली!

मोबाईलवर साप खेळायचे दिवस होते ते. मालवणात माझं इलेक्ट्रिक सामानाचं छोटं दुकान होतं, लग्न झालेलं नव्हतं आणि दाराशी एक मोटरसायकल होती. म्हणजे माणसाचं डोकं फिरायला जे जे लागतं ते सगळं होतं. त्यात मस्कतला असलेल्या मित्राने सुट्टीवर येताना माझ्यासाठी एक यंत्र आणलं. मोटरसायकलच्या हँडलला लावायचं जीपीएस. साबणाच्या डबीएवढं, पावसात भिजलं तरी चालणारं, आकाशातल्या उपग्रहांशी बोलणारं! मालवणच्या बाजारात मी नुसतं भाजी आणायला जायचो तरी ते चालू ठेवून जायचो. लोक विचारायचे, मी सांगायचो. लोक विचारायचे नाहीत, तरी मी सांगायचो.

"ह्यात सगळं जग आहे," असं मित्र देताना म्हणाला होता. हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्याच्या पुढचं वाक्य मात्र नाही बसलं. ते असं होतं की जगातले मोठे रस्ते तेवढे त्यात आहेत. गावं, वाड्या, गल्ल्या पाहिजेत तर सीडीवरून स्वतः भरायच्या. आणि यंत्राचं पोट एवढंसं! कॉम्प्युटरवर नकाशाचे चौकोन दिसायचे. हवे त्या चौकोनांवर खूण करायची. खाली एक पट्टी असायची, ती भरली की संपलं. एक चौकोन जास्त घ्यायचा तर दुसरा काढावा लागायचा. आणि नवीन भरलं की जुनं सगळं पुसलं जायचं.

एका रविवारी मी ते भरायला बसलो. पहिला घेतला गोवा. अख्खा! का घेतला ते विचारू नका, तुम्ही माझे मित्र आहात, तुम्हाला ठाऊक आहे. मग कोल्हापूर, कारण मटण. मग आपला जिल्हा. गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीपासून वर येत येत कणकवलीपर्यंत आलो आणि पट्टी भरली. तळेऱ्याचा चौकोन काही आत जाईना. तो घ्यायचा तर गोव्याचा एक तुकडा काढायला लागला असता.

मी क्षणभर विचार केला. तळेऱ्याच्या पुढे माझं काय काम? काही नाही. गोव्यात काय काम? भरपूर! झालं, तळेरे बाहेर. पुढे मी हे साफ विसरलो.

आता मे महिना आला आणि माझा मावसभाऊ सुनील, त्याचं लग्न ठरलं. कट्टा गावची शालूमावशी, तिचा हा थोरला. मुलीकडे लग्न. साखरपुड्याला मी गेलो नव्हतो. (गोवा!) त्यामुळे मुलीचं घर मला माहीत नव्हतं. वऱ्हाडाची बस सांगितलेली होती, पण मावशीला बस लागते. बसमध्ये पाय ठेवला की तिला मळमळतं.

"दिग्या, मी तुझ्या मोटरसायकलीरसून येतलंय," ती म्हणाली. "वारो लागलो की माका काय होणा नाय. मंगळसूत्र पण माझ्याकडेच ऱ्हवांदे. बशीच्या गर्दीत कोणाच्या हातात दिवचंय नाय."

बघा म्हणजे. नवऱ्याची आई आणि नवरीचं मंगळसूत्र, दोन्ही माझ्या मागच्या सीटवर.

बस सुटली. मावशीने घराला कुलूप घातलं, मंगळसूत्राची पिशवी पदराखाली धरली आणि माझ्या मागे बसली. मी यंत्र चालू केलं.

"मावशी, मुलीची वाडी कुठली?"

"मधलीवाडी."

"गाव?"

"गावाचा नाव तोंडात आसा रे, पण भायर येणा नाय. साखरपुड्याक गेलेलंय तेव्हा कसाल येवच्या आदीच डोळे मिटलंय, ते थय पोचल्यावर उघडलंय. कणकवलीच्या फुडे खंयतरी."

आता मला सांगा, खिशात पत्रिका होती. कोणीही शहाणा माणूस पत्रिका काढून वाचेल की नाही? पण ज्याच्या हँडलवर उपग्रह बसलेत तो पत्रिका वाचतो होय? मी यंत्रात 'मधलीवाडी' टाकलं.

आपल्याकडे मधलीवाडी गावागणिक एक. वरचीवाडी आली, खालचीवाडी आली की मधली येणारच, ती काय आभाळात जाणार? पण कणकवलीच्या पुढे यंत्राने दाखवली एकच! हमरस्ता सोडून थोडी आत. मी मनात म्हटलं, ह्यात सगळं जग आहे, आणि त्यात कणकवलीच्या पुढे मधलीवाडी एकच आहे, म्हणजे हीच! तर्कात काही चूक आहे का? सांगा!

कसालच्या पुढे आम्ही बसला गाठलं आणि मागे टाकलं. खिडकीतून सुनील फेटा सांभाळत ओरडला, "दादा, मागसून ये रे!" मी हात हलवला. मागून? मी? मावशीनेही हात हलवला, राणीसारखा.

कणकवली गेली. थोड्या वेळाने बाण उजवीकडे वळला, आम्ही वळलो. काजूच्या बागा, लाल माती, एक चढ, एक उतार, आणि समोर सनईचा आवाज! मांडव एवढा की त्याच्यामागचं घर दिसेना, केळीचे खांब, दारात रांगोळी. यंत्राने पींपीं केलं. पोचलो!

"बघितलंस?" मी म्हटलं. "बस अजून हायवेवर असेल."

"शाणो आसस हा," मावशी म्हणाली. माझ्या आयुष्यात ती असं एकदाच म्हणाली.

मांडवाच्या दारातला एक माणूस धावत आला. "न्हवऱ्याकडची काय तुमी?"

"न्हवऱ्याची आवस मी!" मावशीने पदर सावरला.

मग काय विचारता! "विहीणबाई इली! विहीणबाई इली!" अशी हाक थेट चुलीपर्यंत गेली. बायका तांब्या-परात घेऊन आल्या. मावशीचे पाय धुतले, ओवाळलं, गजरा घातला. यजमान कुठे म्हणून मी विचारलं, तर ते आणि यजमानीणबाई आत देवकाजवळ विधीला बसलेले. आम्हाला खुर्च्या मिळाल्या, कोकमाचं सरबत आलं.

आता नवऱ्याकडचा माणूस म्हटल्यावर थोडं रुसायला नको का? नाहीतर लोकांना कळणार कसं? मी सरबताचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे."

दुसरं सरबत आलं.

"आमच्या मावशीला उकडतंय. पंखा नाही का?"

दोघं जण धावले आणि नवरीच्या काकांच्या तोंडासमोरचा पंखा उचलून आमच्याकडे फिरवला. काका बिचारे पत्रिकेने वारा घेत बसले. मी पाय लांब केले. काय सांगू, सुख होतं हो!

तेवढ्यात मावशीला हुक्की आली. "व्हकलेक जरा बघान येतंय," म्हणत ती नवरीला बघायला आतल्या खोलीत गेली.

गेली तशी आली. चेहरा पांढराफटक.

"दिग्या! व्हकल बदलली रे!"

"काय?"

"माझ्या सुनेच्या हनवटीर तीळ आसा. ह्या चेडवाच्या हनवटीर तीळ नाय! आणि ह्या उंच आसा. आमचा इतक्या उंच नाय. फसयल्यानी रे आमका!"

तुमच्या मनात आता जो प्रश्न आला, तो मला यायला हवा होता. नाही आला. माझ्या मनात काय आलं? फसवणूक! दाखवली एक, उभी केली दुसरी! ऐकलेल्या गोष्टी हो, त्या आज आपल्या घरात घडतायत! आणि साक्षात मी, दिगंबर, मांडवात हजर आहे!

मी खुर्चीवर उभा राहिलो. (बसून बोललो असतो तरी चाललं असतं, पण नाही.)

"सनई बंद करा!" मी ओरडलो.

सनई बंद झाली. वाजवणारा तोंडात वारा भरलेल्या अवस्थेतच माझ्याकडे बघत राहिला.

"मुलगी बदललेली आहे! आम्ही काय दुधखुळे वाटलो? मूळ मुलगी कुठे लपवलीत? बोला! नाहीतर आत्ताच्या आत्ता पोलिसात जातो!"

आत मुलीने हंबरडा फोडला. बायका कुजबुजायला लागल्या. देवकासमोरून मुलीचा बाप उठून धावत आला, सोवळं सावरत, हातात अजून दर्भ.

"कोण हो तुमी? माझ्या चेडवाक कित्याक रडयतास?"

"आम्ही कोण? अहो, आम्ही नवऱ्याकडचे!"

"ही न्हवऱ्याची आवस?" तो मावशीकडे बघून म्हणाला. "ही न्हय!"

"मी न्हय?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "नव म्हयने पोटात वागयलंय तेका, आणि मी न्हय?"

आणि नेमका त्याच वेळी बाहेर बँड वाजला. वऱ्हाड! जीप दारात थांबली. आतून बाशिंग बांधलेला नवरा उतरला, आमचा नाही, कोणीतरी मिशीवाला. त्याच्यामागून एक बाई उतरल्या. मावशीसारख्याच पैठणीत, तसाच गजरा. तांब्या-परातवाल्या बायकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मावशीकडे पाहिलं. नवरा एक, आया दोन!

"माझे पाय आता कोण धुवतला?" त्या बाईंनी विचारलं.

परातीतलं पाणी आधीच गढूळ झालेलं होतं.

मी हळूच खुर्चीवरून खाली उतरलो. "ही... मधलीवाडी ना?"

"मधलीवाडीच," मुलीचा बाप म्हणाला. "पण तुमका खयची होई?"

आता शेवटी पत्रिका काढली. वाचली. तळेऱ्याहून विजयदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, तिथली मधलीवाडी. तरीही माझी खुमखुमी बघा! मी मोटरसायकलकडे गेलो, यंत्र काढून आणलं आणि सगळ्यांना दाखवत म्हटलं, "पण ह्यात कणकवलीच्या पुढे एकच मधलीवाडी आहे, तुम्हीच बघा!" आणि नकाशा वर सरकवला.

कणकवलीच्या थोडं पुढे रस्ते संपले. गावं संपली. वर सगळं पांढरं शुभ्र, आणि त्यातून हमरस्त्याची एक रेघ, बस. मला तो रविवार आठवला.

"थय पांढरा कित्याक?" मावशीने खांद्यावरून वाकून विचारलं.

"ते... जागा नव्हती ग. काढून टाकावं लागलं."

"मग तेच्या जाग्यार काय घातलंस?"

सगळा मांडव कान देऊन उभा. सनईवालासुद्धा.

"गोवा," मी म्हटलं.

"गोव्यातला काय?"

अहो, खोटं बोलायची वेळ होती ती! पण यंत्र तिने हिसकावून घेतलं होतं, आणि तिच्या बोटाने नेमका नकाशा खाली सरकला. पडद्यावर ओळीने बाटल्यांची आणि ग्लासांची चित्रं आली. इंग्रजी तिला येत नाही. चित्रं येतात.

"म्हणजे माझ्या झिलाचा सासर पुसलंस," मावशी सावकाश म्हणाली, "आणि बार ठेवलंस?"

सगळा मांडव फुटला! मिशीवाला नवरा बाशिंगासकट हसत होता. मुलीच्या बापाने दर्भाने डोळे पुसले. आत रडणारी मुलगीसुद्धा हसायला लागली, असं नंतर कळलं. फक्त काका हसले नाहीत. त्यांनी येऊन पंखा आपल्याकडे फिरवून घेतला.

पण मला हसू येत नव्हतं. सूर्य डोक्यावर येत होता. मंगळसूत्र इथे, सुनील तिथे. मोबाईलला रेंज नाही. मी अशी गाडी मारली की काय सांगू! मावशीने मागून शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मध्येच आरशात पाहिलं तर ती पिशवी छातीशी धरून रडत होती. त्यानंतर मी आरशात बघितलं नाही, खरंच सांगतो. तळेऱ्याला एस.टी.च्या थांब्यावर विचारलं, पुढे दर वळणावर विचारत गेलो. उपग्रह गेले खड्ड्यात!

खऱ्या मधलीवाडीत पोचलो तर वेगळाच गोंधळ. मुहूर्त टळत आलेला, आणि सुनील हट्ट धरून उभा: "आवस इल्याशिवाय हार घालूचंय नाय!" भटजींनी मंगलाष्टकं ताणायला घेतली होती. आपली संपली, मग नवरीच्या आत्यांची झाली, मग शाळेतल्या बाईंनी स्वतः रचलेली झाली, आणि आम्ही आत शिरलो तेव्हा एक आजोबा डोळे मिटून चक्क आरती म्हणत होते. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरत होते. भटजींचा आवाज पार बसलेला.

मावशी कोणाकडे न बघता थेट नवरीजवळ गेली, हनवटी धरून तोंड वर केलं, तीळ पाहिला आणि ओरडली, "ह्याच! घाला हार!"

अक्षता पडल्या. सुनील हसत होता की रडत होता, कळलं नाही. मला मात्र त्याने अशी मिठी मारली की फेटा सुटला. जेवणं होईपर्यंत बारची गोष्ट अख्ख्या मांडवात पोचली होती. कशी पोचली? मावशीने स्वतः, पंगतीपंगतीने जाऊन सांगितली!

मी त्याच आठवड्यात गोवा काढून सगळा सिंधुदुर्ग यंत्रात भरला. पण आमच्या घरात त्याचा उपयोग शून्य. कारण दोन वर्षांनी धाकट्या मावसभावाचं लग्न आलं. मुलगी वेंगुर्ल्याकडची. मावशीने मला स्वतः फोन करून तारीख, गाव, घर, सगळं सांगितलं. मी म्हटलं, आता दाखवतोच! पहाटे उठलो, कडक इस्त्रीचे कपडे घातले, एकही वळण न चुकता सगळ्यांच्या आधी पोचलो. बघतो तर काय, मांडवाला नुसते बांबू! माणसं खड्डे खणतायत, केळीचे खांब अजून बैलगाडीत.

मला रागच आला. "अहो, लग्नाचा दिवस ना आज? ही काय वेळ झाली मांडव घालायची?"

मुलीचे वडील पुढे आले. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तुमीच दिगंबर काय? लगीन उद्या आसा. तुमका आजचो दिवस सांगलेलो, विहीणबाईनीच, वाट चुकूक एक दिवस धरून. या, बसा. तुमची चटई घालून ठेवलेली आसा."